सुईची भीती आणि भीतीची वही

(विहाराच्या वर्षावास व्याख्यानमालेत रविवारच्या वंदनेनंतर दिलेल्या भाषणाचा मजकूर)



समितीने आम्हाला विषय दिला आहे ‘भयगंड आणि त्यावरील उपचार’. पत्रिकेत आम्हा नवरा-बायकोची दोघांचीही नावे छापली आहेत, तेव्हा तोंड एकाचे असले तरी बोलणे दोघांचे आहे असे समजावे. आमच्यापैकी एक जण आयुष्यभर शाळेत खडू झिजवून निवृत्त झाला आणि एक जण इस्पितळात सिस्टर म्हणून राबून घरी बसली. आम्ही मानसोपचार तज्ज्ञ नाही. मग आम्हाला का बोलावले? कारण हा आजार आमच्या घरात होता आणि तो आम्ही तेरा वर्षे झाकून ठेवला. आमच्या थोरल्याची परवानगी घेऊनच आज बोलतो आहोत. तो मागे चपला ठेवतात तिथे उभा आहे. आता लगेच माना वळवून बघू नका, लाजेल तो.

भीती ही काही वाईट गोष्ट नाही. गवतात साप सळसळला आणि पाय आपोआप मागे आला, तर त्या भीतीने जीव वाचवला असेच म्हणायचे. भयगंड निराळा. तिथे धोका नखाएवढा असतो आणि घाबरणे डोंगराएवढे. बहुतेकदा माणसाला स्वतःला ते कळते, तरी छाती धडधडते, घाम फुटतो, तोंडाला कोरड पडते, आणि मग तो ती जागा, ती वस्तू टाळायला लागतो. असे सहा-सहा महिने, वर्षानुवर्षे चालले आणि त्यापायी शाळा, नोकरी, औषधपाणी, येणेजाणे अडायला लागले, की त्याला ‘स्वभाव’ म्हणून सोडून देऊ नये. कुणाला कुत्र्याचे भय, कुणाला पालीचे, कुणाला उंचीचे, विजांचे, लिफ्टचे. कुणाला चारचौघांत तोंड उघडायचे. कुणाला गर्दीचे किंवा मोकळ्या मैदानाचे : इथे काही झाले तर बाहेर कसे पडणार, ही धास्ती. १८७१ साली कार्ल वेस्टफाल या जर्मन डॉक्टरांनी बर्लिनमधले मोठे चौक ओलांडताना गर्भगळीत होणाऱ्या माणसांचे वर्णन केले आणि या शेवटच्या प्रकाराला नाव दिले. म्हणजे दीडशे वर्षांपासून वैद्यकशास्त्र हा आजार ओळखते. आपल्या वस्तीत मात्र अजून ‘भित्यापाठी ब्रह्मराक्षस’ म्हणून हसण्यावारी नेतात. आम्हीही नेले.

आमच्या थोरल्याला सुईचे आणि रक्ताचे भय. २००१ साली तो दहावीत असताना शाळेत रक्तगट तपासणी झाली. त्याच्या बोटाला टोचायच्या आधीच, पुढच्या मुलाच्या बोटावरचा थेंब बघून हा कोसळला. मुलांनी जे नाव ठेवले ते दहावी संपेपर्यंत पुरले. घरी आल्यावर आम्ही काय केले? आमच्यातल्या सिस्टरला राग आला. दिवसभर पोरांना लस टोचणारी आई आणि तिचे पोर सुईला भिते, हे वॉर्डात कळले तर काय म्हणतील? आमच्यातल्या गुरुजींनी ‘मर्दासारखा मर्द’ वगैरे भाषण दिले. गंमत बघा, हेच गुरुजी तरुणपणी स्वतःच्या वडिलांना सलाईन लावताना भिंतीला धरून खाली बसले होते. ते त्यांनी बायकोला सांगितले लग्नानंतर पस्तीस वर्षांनी! रक्ताचे आणि सुईचे भय पुष्कळदा घराण्यात चालत येते, हे आम्हाला फार उशिरा कळले.

पुढे पोराची दाढ किडली, गाल सुजला, तरी लवंगेच्या तेलावर दिवस काढायचा. ताप आला की गोळीवर भागवायचा. ‘आमचा मुलगा ऊठसूट दवाखान्यात जात नाही,’ असे आम्ही पाहुण्यांना कौतुकाने सांगत होतो. २००९ साली एका सरकारी खात्यात त्याची निवड झाली. लेखी पास, तोंडी पास. राहिली ती वैद्यकीय तपासणी. त्या दिवशी इस्त्रीचा शर्ट घालून, बाबासाहेबांच्या तसबिरीला वंदन करून तो बाहेर पडला आणि इस्पितळाच्या फाटकातून परत फिरला. आम्हाला म्हणाला, ‘कळवतील.’ आम्ही आठ महिने पोस्टमनची वाट पाहिली. खरे काय ते शेवटी त्याच्या धाकट्या बहिणीने सांगितले, तोवर ती जागा दुसऱ्या कुणाच्या नावावर लागून गेली होती. खात्याचा दोष नाही, तपासणी सर्वांनाच असते. पण आपल्या घरात पहिल्यांदा येणारी पेन्शनची नोकरी म्हणजे काय असते, हे या सभागृहात कुणाला समजावून सांगायला नको.

त्याच सुमारास नात्यातल्या एका बाईंनी ‘बाहेरचं काही असेल’ म्हणत त्याच्या दंडाला काळा दोरा बांधला. भिंतीवर बावीस प्रतिज्ञा टांगलेल्या घरात हे घडले, आणि आम्ही दोघे शिकलेसवरलेले गप्प बसलो. आजही सांगताना मान खाली जाते. दोरा आंघोळीच्या पाण्याने कुजून गळून पडला. भीती होती तिथेच होती.

२०१४ च्या पावसाळ्यात त्याच्या तळपायात गंजलेला पत्रा घुसला. धनुर्वाताचे इंजेक्शन घ्यायला तो तयार होईना. लग्न झालेला, एका मुलीचा बाप, रात्री अकरा वाजता दवाखान्याच्या पायरीवर बसून रडला. डॉक्टरांनी आडवे झोपवले, आईने डोके मांडीवर धरले, तेव्हा कुठे सुई लागली; आणि तो बेशुद्ध पडलाच. दुसऱ्या आठवड्यात आम्ही तिघे महानगरपालिकेच्या एका मोठ्या इस्पितळात मानसोपचार विभागाचा केसपेपर काढायला रांगेत उभे होतो. ओळखीचे कुणी भेटू नये म्हणून आमच्यातल्या गुरुजींनी तोंडाला रुमाल बांधला होता. समोरच्या बाकावर आमच्याच वस्तीतले एक गृहस्थ रुमाल बांधून बसले होते.

तिथल्या मानसशास्त्रज्ञ बाईंनी पहिल्याच भेटीत एक गोष्ट समजावली, ती आम्ही जन्मात विसरणार नाही. त्या म्हणाल्या, या आजाराचे खत म्हणजे टाळणे. सुई टाळली की त्या क्षणी जिवाला बरे वाटते, सुंठीवाचून खोकला गेला असे वाटते. पण मन त्यातून एवढेच शिकते की पळालो म्हणून वाचलो. पुढच्या वेळी भीती जास्त, आणि पळणेही जास्त. घरचे लोक दोन तऱ्हांनी या खतात भर घालतात. काही हिणवतात. काही जण मायेपोटी सगळे हाताशी आणून देतात, ‘राहू दे, त्याला भीती वाटते ना.’ आम्ही दोन्ही केले होते, वारावारी.

मग उपाय काय? जिथून पळत होतो तिकडेच जायचे, पण पायरीपायरीने आणि स्वतःच्या मर्जीने. ही युक्ती नवी नाही. १९२४ साली अमेरिकेत मेरी कव्हर जोन्स या बाईंनी पीटर नावाच्या, तिशीतल्या नव्हे हो, तीन वर्षांच्या पोरावरच्या उपचाराची हकीकत छापली. त्याला सशाची भीती. त्याला आवडीचे खायला देऊन बसवायचे आणि पिंजऱ्यातला ससा खोलीत लांब ठेवायचा. रोज थोडा जवळ. सशाला न घाबरणारी दुसरी मुले सोबतीला असायची. अखेरीस ते पोर सशाशी खेळायला लागले. पुढे जोसेफ वोल्पे या दक्षिण आफ्रिकेतल्या डॉक्टरांनी भीतीची शिडी मांडायची रीत बसवली आणि १९५८ साली त्यावर ग्रंथ लिहिला. आज जगभर हाच उपचार पहिला मानतात. एका ठराविक गोष्टीचे भय असेल तर पुष्कळांना थोड्याच बैठकांत गुण येतो. स्वीडनचे लार्स-गोरान ओस्ट यांनी तर १९८९ साली एकाच, सुमारे तीन तासांच्या बैठकीत असा उपचार करता येतो असे मांडले.

इथे विहारात बसून एक गोष्ट सांगितली पाहिजे. मज्झिम निकायात भयभेरव सुत्त आहे. त्यात तथागत जाणुस्सोणी ब्राह्मणाला सांगतात की, बोधीपूर्वी ते मुद्दाम अष्टमी, चतुर्दशी, पौर्णिमा-अमावास्येच्या रात्री रानातल्या भयाण जागी जाऊन राहत. मोर काटकी पाडी, वारा पाला हलवी आणि भय दाटून येई. चालताना भय आले तर ते ओसरेपर्यंत चालतच राहत. बसलेले असताना आले तर ते जाईपर्यंत उठत नसत. आम्ही हे सुत्त ऐकले होते, पण भय येताच जागा सोडायची नाही, ही त्यातली गोष्ट कधी ध्यानात आली नव्हती. भगवंतांनी भयगंडाचा उपचार सांगितला असा दावा आम्ही करणार नाही, तसे ओढून ताणून लावू नये. पण बाईंनी जेव्हा ‘भीती टिपेला असताना उठायचं नाही, उतरू लागेपर्यंत थांबायचं’ असे बजावले, तेव्हा आम्हा दोघांनाही हे सुत्त आठवले.

आता सुई-रक्ताच्या भयाची खुबी. इतर बहुतेक भयगंडांत माणसाला ‘आता पडतो’ असे वाटते, पण तो सहसा पडत नाही, कारण ठोके आणि रक्तदाब चढलेले असतात. रक्त-सुईच्या भयात रक्तदाब आधी चढतो आणि मग धाडकन उतरतो. मेंदूला रक्त कमी पडते आणि माणूस खरोखरच कोसळतो. म्हणजे पोरगा नाटक करत नव्हता. आधी एका ओळखीच्या गृहस्थांनी त्याला सांगितले होते, ‘डोळे मीट, अंग सैल सोड.’ तो आणखीनच लवकर पडायचा! इथे अंग सैल सोडायचे नाही, आवळायचे. ही रीतही ओस्ट आणि त्यांच्या सहकाऱ्याने १९८७ साली मांडली. हात, पोट, मांड्या यांचे स्नायू दहा-पंधरा सेकंद घट्ट आवळायचे, चेहऱ्यावर ऊब जाणवेपर्यंत. मग सोडायचे, पण लुळे पडायचे नाही, नेहमीसारखे बसायचे. अर्धा मिनिट थांबून पुन्हा. असे पाच वेळा, दिवसातून काही वेळा सराव, आठवडाभर. प्रत्यक्ष टोचताना ज्या हाताला सुई लावायची तो ढिला ठेवायचा, बाकीचे अंग आवळायचे. ज्यांना रक्तदाब, हृदयविकार आहे किंवा ज्या गरोदर आहेत, त्यांनी आधी डॉक्टरांना विचारावे. आणि कुणी कोसळलाच तर आडवे करा, पाय जरा उंच ठेवा. उठवून बसवू नका, चप्पल किंवा कांदा हुंगवू नका.

सराव झाल्यावर बाईंनी दोनशे पानी वही आणायला सांगितली. तिच्यात भीतीच्या पायऱ्या लिहायच्या आणि प्रत्येकीला दहापैकी मार्क द्यायचे. पहिली पायरी होती ‘सुई’ हा शब्द वहीत लिहिणे, तीन मार्क. पुढे सिरिंजचे चित्र. मग टोपण लावलेली सिरिंज टेबलावर ठेवून जेवणे. ती हातात धरणे. स्पिरिटचा वास घेणे. आईने संत्र्यात पाणी टोचताना बघणे. दंडाला रबरी पट्टा बांधून बसणे. प्रयोगशाळेत नुसते बसून दुसऱ्याचे रक्त काढताना बघणे. बोटाला टोचणे. शेवटी नसेतून रक्त देणे, त्याला त्याने दहा मार्क दिले आणि खाली दोन रेघा मारल्या. एक पायरी रोज करायची, मार्क निम्म्यावर आले की पुढची. मार्क कमी पडले म्हणून आनंद व्हावा, असा आमच्या घरातला हा पहिलाच प्रसंग. संत्र्याच्या पायरीला त्याची चार वर्षांची मुलगी शेजारी बसून टाळ्या वाजवायची आणि नंतर ते संत्रे मागायची. ते टाकून द्यायचे म्हणून रडारड.

मध्येच आम्ही घाई केली. शेजारचे एक जण रक्त तपासायला निघाले होते. आम्हाला वाटले, चांगली सोबत आहे, पोहायला पाण्यात पडावेच लागते. संत्र्यावरून थेट प्रयोगशाळेत नेले. तो पडला, कपाळाला खोक पडली आणि तीन आठवडे वहीला हात लावला नाही. बाईंनी त्याला नाही, आम्हा दोघांना झापले. ढकलून दिलेल्याला पोहणे येत नाही, पाण्याची दहशत बसते. पायरी कुठली चढायची ते ज्याला भय आहे त्याने ठरवायचे, आपण सोबत बसायचे. सबंध उपचाराला आमचे चार महिने गेले. त्यानंतर नसेतून रक्त दिले तेव्हा तो पडला नाही. पांढराफटक पडला, घाम आला, पण आडवा राहून अंग आवळत राहिला. दाढही काढून घेतली. २०२१ साली करोनाची लस आली तेव्हा वस्तीतल्या किती तरी जणांनी ‘आमचा विश्वास नाही’ म्हणून पाठ फिरवली. त्यांतल्या दोघांना तो बाजूला घेऊन म्हणाला, ‘खरं सांगा, सुईला भिताय ना?’ भीत होते. ऑक्सफर्ड विद्यापीठाच्या संशोधकांनी त्याच वर्षी ब्रिटनमधल्या सुमारे पंधरा हजार प्रौढांची पाहणी केली, तेव्हा लस घ्यायला कचरणाऱ्या दर दहांत साधारण एकामागे ही सुई-रक्ताची भीती असावी असा अंदाज त्यांनी काढला.

नोकरी मात्र परत आली नाही. वयाची अट निघून गेली होती.

आता तुमच्या-आमच्या घरातल्या दोन-चार गोष्टी. आया-बायांनो, ‘जेवला नाहीस तर डॉक्टर सुई टोचतील’ हे बंद करा. लसीच्या रांगेत माझ्याकडे बोट दाखवून, ‘ती बघ सिस्टर, देईल हां इंजेक्शन,’ असे म्हणणाऱ्या आया आमच्यातल्या सिस्टरने हजारोंनी पाहिल्या. ज्या हातांकडे पोराने विश्वासाने यावे, त्यांचाच आपण बागुलबुवा करतो. तसेच ‘दुखणार नाही’ असे खोटे सांगू नका. मुंगी चावल्यासारखे दुखेल, पाच आकडे मोजेपर्यंत, असे खरे सांगा.

चाळी पाडून टॉवर झाले आणि आपल्या म्हाताऱ्या माणसांना लिफ्टचे भय जडले. दार बंद झाले की हवा संपेल असे वाटते. लिफ्ट हवाबंद नसते, मध्येच थांबली तरी आत हवा येत राहते, हे समजावून सांगितले तर थोडा धीर येतो. पण नुसत्या सांगण्याने भय जात नाही. बाराव्या मजल्यावरच्या एक आजी या विहारात दोन वर्षे आल्या नव्हत्या. सून भाजी वर आणून देई, औषधे वर, भन्तेजींचे आशीर्वादसुद्धा फोनवर. त्यांनाही वहीच करून दिली. दार उघडे ठेवून आत उभे राहायचे. मग नातीसोबत एक मजला. मग दोन. मग एकटीने एक. आज त्या तिसऱ्या रांगेत बसल्या आहेत. त्यांचीही परवानगी घेतली आहे.

औषधांविषयी. एकाच गोष्टीच्या भयाला गोळ्या हा मुख्य उपाय नव्हे. गर्दीचे भय, चारचौघांचे भय, अचानक घाबरण्याचे झटके, यांत तज्ज्ञ डॉक्टर काही गोळ्या देतात, त्या नियमाने घ्याव्यात, मनाने बंद करू नयेत. पण मेडिकलवाल्याकडून ‘शांत वाटायची गोळी’ मागून आणू नका. त्यांतल्या काहींची सवय लागते. आणि पुरुष मंडळींना स्पष्टच सांगतो, क्वार्टर मारून धीर येतो तो तेवढ्यापुरता. उतरल्यावर धडधड जास्त होते आणि मन शिकते काय, तर बाटलीशिवाय जमत नाही.

जायचे कुठे? ठाणे, पुणे, नागपूर, रत्नागिरीच्या मनोरुग्णालयाचे नाव ऐकूनच लोक दचकतात. या आजाराला तिथेच जावे लागते हा गैरसमज आहे. महापालिकेच्या मोठ्या इस्पितळात, सरकारी वैद्यकीय महाविद्यालयात, जिल्हा रुग्णालयात मानसोपचाराचा बाह्यरुग्ण विभाग असतो. केसपेपर तोच, रांग तीच. जाणे जमत नसेल तर १० ऑक्टोबर २०२२ पासून सरकारची टेली-मानस ही दूरध्वनी सेवा आहे, नंबर १४४१६. पैसे पडत नाहीत आणि मराठीत बोलता येते. छातीत धडधडणे नव्यानेच सुरू झाले असेल तर आधी हृदय आणि थायरॉईड तपासून घ्या, सगळेच मनावर ढकलू नका. सुईच्या भयाने मधुमेहाची तपासणी टाळणारे या वस्तीत किती आहेत, ते आम्हाला ठाऊक आहे. नावे घेत नाही.

येत्या वर्धापनदिनी विहारात रक्तदान शिबिर आहे. कार्यकर्त्यांना विनंती की एका कोपऱ्यात पडदा लावून दोन गाद्या टाका, ज्याला आडवे होऊन रक्त द्यायचे आहे त्याला विचारू नका का म्हणून. कुणी पडला तर मोबाईलवर चित्रण करू नका. आमच्या थोरल्याने अजून रक्तदान केलेले नाही. या वेळी नोंदणीच्या टेबलावर नावे लिहायला बसतो म्हणालाय, पडद्याच्या अलीकडे. वहीत त्याने त्या पायरीला पाच मार्क दिले आहेत.

वही आम्ही सोबत आणली आहे. ज्यांना बघायची असेल त्यांनी चहाच्या वेळी त्यालाच भेटावे, आम्हाला नको. नमो बुद्धाय, जयभीम.